आमच्या घोडीचं वजन

सगळ्यात जास्त वजन आमच्याच घोडीवर पडलंय, असं भोंग्यावरून पुकारलं तेव्हा मला वाटलं, पुकारणाऱ्याची जीभ घसरली. मी हातातला चहा तसाच ठेवला आणि आबांकडं बघितलं. आबा समोर मैदानाकडं बघत बसलेले. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. म्हणजे खरंच होतं ते.

कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. यात्रेत घोड्यांची शर्यत असते, पण आमच्याकडं ती वजनाची असते. जे घोडं जास्त पळणारं, त्याच्या खोगिराला वाळूच्या जास्त थैल्या बांधायच्या. सुमार घोड्याला मोकळं सोडायचं. सगळी एकदम शेवटच्या झेंड्यापाशी पोचावीत, हा त्यातला खेळ. तसं कधी होत नाही, ते जाऊ द्या. कुणावर किती ओझं हे ठरवतात आमचे आबा, माझे वडील. फौजेत घोड्यांच्या तुकडीत त्यांची सगळी नोकरी गेली. घोडं त्यांना कळतं आणि ते कुणाच्या बापाला भीत नाहीत, म्हणून दरवर्षी कमिटी नारळ घेऊन आमच्या दारात उभी राहते. थैल्या मी शिवते. इस्लामपुरात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. यात्रेच्या आधी आठवडाभर बायकांची बोलणी खात मी तिथं जाड कापडाच्या थैल्या शिवत असते.

पण माझा खरा जीव अडकलेला असतो तो यात्रेच्या सकाळी. त्या सकाळी कुठलं घोडं पळणार ते आबा आणि मी मिळून ठरवतो. एकेक घोडं आमच्यासमोरून चालवत न्यायचं. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढं पडतो का, हे आधी बघायचं. मग पोट, मग श्वास. आणि शेवटी चारी पायांवरनं हात फिरवायचा. हे आबांनी मला परकर नेसायच्या वयात शिकवलं. "डोळं मिट आन् हातानं बघ," म्हणायचे. एखादा पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा गरम लागला तर ते घोडं घरी. मग ते कुणाचं का असेना. एकदा यात्रेला मोठी मदत करणाऱ्या माणसाचं घोडं त्यांनी असंच परत पाठवलं होतं. लोक मागं लागले, हातापाया पडले. आबा एवढंच म्हणाले, "पाय गरम, म्हंजे घरी." मला त्या दिवशी बापाचा लय अभिमान वाटला होता.

तर त्या सकाळी आम्ही मैदानात उतरलो. मलकापूरचा एक तांबडा घोडा आला, लांब पावलाचा, शांत. आबांनी माझ्याकडं बघून मान हलवली, मीही हलवली. एक पांढरी घोडी आली, मालकानं प्रेमानं गूळ चारून चारून तिचा नुसता माठ केलेला. मी म्हटलं, हिला वजन कशाला, वजन तिनं घरूनच आणलंय. एक काळा आला, गळ्यात मणी, कपाळाला गोंडे, पायात घुंगरं. मालक म्हणाला, "ताई, जरा ह्याच्याकडं बी बघा." बघितलं की. मणी छान होते.

मग आमची घोडी. माझ्या धाकट्या भावानं लगाम धरलेला. तो फौजेत आहे, सुट्टी काढून यात्रेला येतो आणि घोडीवर तोच बसतो. घोडी आमच्याच गोठ्यात जन्मली. तिची आई गेल्यावर ह्यानंच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ती चालत आली आणि घरची म्हणून नाही सांगत, पण त्या मैदानात तिच्या तोडीचं एकही जनावर नव्हतं. मी खाली बसले. उजवा पाय, मागचे दोन, सगळं ठीक. पुढचा डावा धरला आणि हात तिथंच थांबला. नळीच्या मागं, नसेपाशी, ऊब लागली. फार नाही. नुकताच चहा पिऊन ठेवलेला पेला लागतो ना, तेवढीच.

"आबा, डावा पाय गरम हाय," मी हळूच म्हटलं.

आबा वाकले. पाय धरला. दुसऱ्या कुठल्याही घोड्याचा धरला नव्हता इतका वेळ धरला. मग उभं राहून हात धोतराला पुसला.

"उन्हात हुबी हुती. काय न्हाई."

ऊन? ऊन अजून उसाच्या शेंड्यावरच होतं, खाली दव होतं! माझा बाप माझ्या डोळ्यांत बघून हे बोलत नव्हता, एवढं मला कळलं.

आणि मग तो पुकारा. सगळ्यात जास्त वजन आमच्या घोडीवर, मलकापूरच्या तांबड्यापेक्षाही जास्त. गरम पायावर!

मी आबांना मांडवामागं गाठलं. "आवं, तुमाला झालंय काय? वजन टाकलंत, टाका. पण तिला पळवू नका. मागं घ्या."

तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं. गेल्या साली आमची घोडी पहिली आली होती. तेव्हा आमच्या भावकीतलं कुणीतरी वडापच्या जीपगाड्यांच्या थांब्यावर बोललं होतं, की घरच्या घोडीला हलकं वजन टाकलं म्हणून आली. ते आबांच्या कानावर गेलं. वर्षभर हा माणूस ते मनात घेऊन बसला होता आणि आम्हाला पत्ता नाही.

"आज मागं घितली तर काय म्हंतील?" आबा म्हणाले. "म्हंतील, वजन पडलं तसा शेपूट घालून पळाला."

"म्हणू द्या की! त्यांच्या तोंडाला काय कुलूप हाय? तिचा पाय जाईल. वर कोण बसलंय ते तरी बघा."

"तुला काय जातंय बोलायला. तू इस्लामपुरात ऱ्हातीस. मला हितं ऱ्हायाचं हाय."

मी धावत भावाकडं गेले. तो मी शिवलेल्या थैल्या खोगिराला आवळून बांधत होता. त्याला सांगितलं, पाय गरम आहे, बसू नकोस. त्यानं ऐकून घेतलं. मग हसला.

"आक्का, आबांनी हात लावलाय न्हवं?"

"लावलाय."

"मग झालं की. आबांचा हात कवा चुकलाय?"

आबा खोटं बोलतायत, असं मी माझ्या तोंडानं त्याला सांगू शकले नाही. खरं तर माझाच त्यावर अजून पुरता विश्वास बसत नव्हता. वाटलं, कुणास ठाऊक, माझाच हात चुकला असेल.

शर्यत सुटली. पहिल्या वळणापर्यंत आमची घोडी मागं होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, हर गं बाई, आज हर. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या हरण्यासाठी देवाला हात जोडले. पण तिला कोण सांगणार! ओढ्याच्या बाजूनं तिनं जोर लावला. पांढरी मागं पडली, काळा मागं पडला, शेवटी तांबडाही. वाळूच्या थैल्या तिच्या बरगड्यांवर आपटत होत्या, ते मला लांबूनही दिसत होतं. लोक बेभान झाले. ती झेंड्याच्या पुढं गेली, पहिली, आणि चार पावलांवर तिचा डावा पाय खाली दुमडला.

भाऊ तिच्या मानेवरून पुढं फेकला गेला.

मी किंचाळले, पण ऐकायला कोण मोकळं होतं? लोकांनी आबांना खांद्यावर उचललं होतं. "असा पंच व्हायाचा न्हाई! सोताच्या घोडीला बी सोडलं न्हाई!" गुलाल उडत होता. भाऊ एका हातावर जोर देऊन उठला, दुसरा हात नुसता लोंबत होता. घोडी तीन पायांवर उभी होती, थरथरत होती आणि तिच्या पाठीवरही गुलाल पडला होता. एक जण तिच्यासमोर मोबाईल धरून व्हिडिओ काढत होता. मी त्याच्या हाताला फटका दिला.

जनावरांचे डॉक्टर आले. नस तुटली आहे म्हणाले. जगेल, पण पाठीवर पुन्हा काही घालायचं नाही. भावाचं खांद्याचं हाड मोडलं होतं. पट्टा बांधून त्याला घरी आणलं.

संध्याकाळ व्हायच्या आत कमिटीची माणसं वाजत-गाजत घरी आली. आबांना फेटा बांधला, शाल घातली. पुढच्या सालचा नारळही आत्ताच देऊन ठेवतो म्हणाले. असा न्यायाचा माणूस पुन्हा मिळायचा नाही, अशी भाषणं झाली. आबांनी नारळ घेतला. खरंच घेतला, माझ्या डोळ्यांदेखत! मी दारातच उभी होते.

माणसं गेल्यावर आबा गोठ्यात घोडीपाशी जाऊन बसले. मी मागोमाग गेले.

"आबा, खरं सांगा. सकाळी कळलं हुतं का तुमाला?"

हात म्हातारा झालाय, चुकला, एवढं जरी ते म्हणाले असते तरी मी मान्य केलं असतं. मला तेच ऐकायचं होतं. मी वाटच बघत होते त्याची.

"कळलं हुतं," आबा म्हणाले.

मागं पाऊल वाजलं. भाऊ होता. गळ्यात पट्टा, तोंड पांढरंफटक. त्यानं सगळं ऐकलं होतं. आवाज चढवला नाही त्यानं, एक शिवी नाही, काही नाही.

"मी वर हुतो, आबा," एवढंच म्हणाला.

भाऊ आत गेला. थोड्या वेळानं मी जाऊन बघितलं तर तो एका हातानं कपडे बॅगेत कोंबत होता. सुट्टी अजून बरीच उरली होती. मी त्याला थांब म्हटलं नाही. खाली बसले आणि बॅगेची चेन लावून दिली.