अर्ध्या औषधावर घरी

सोलापूरच्या त्या दवाखान्यात मी माझ्या पायांनी दाखल झाले होते. मी मंगळवेढ्याच्या शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी पावसाळा सरता सरता फळ्यावर उदाहरण मांडलं की पुढची पायरीच सुचेनाशी झाली. आधी वाटलं, दमणूक असेल. मग झोप गेली, मागोमाग भूक गेली. एका दुपारी स्वयंपाकघरात पाट्याशेजारी बसून मी नवऱ्याला सांगितलं, "मला जगण्याचाच कंटाळा आलाय." दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तो मला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काही आठवडे इथं राहा. घरी ठेवण्यात जोखीम आहे." मी मान हलवली. तेव्हा मला कुठंही ठेवलं असतं तरी चाललं असतं.

रोग्याजवळ घरचं एक माणूस लागायचं. सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळे कानडी त्यांच्या तोंडी बसलेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई कानडीच बोलायची. दोघींची पहिल्याच संध्याकाळी गट्टी जमली. त्या कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीशी खात आणि पिकापाण्याचं बोलत. मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आल्या आल्या नर्सनं माझी ओढणी आणि मंगळसूत्र काढून आत्यांच्या हवाली केलं होतं. ते कशासाठी, हे मला कळत होतं. आत्यांनाही कळलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही. मंगळसूत्र रुमालात बांधून कमरेला खोचलं, एवढंच.

औषध लागू पडायला वेळ लागला. मग हळूहळू रात्रीची झोप येऊ लागली. एक दिवस आमटी अळणी आहे, असं मी म्हणाले, तशा आत्या हसल्या. "चव कळाय लागली म्हंजी सुधारतीय की."

खरं म्हणजे तिथंच घोटाळा झाला. बरं वाटू लागल्याबरोबर मला त्या खोलीत जीव गुदमरल्यासारखं होऊ लागलं. खिडकीची जाळी, सकाळी गोळ्यांची ट्रॉली, रात्री कुणाचं तरी रडणं. अशात घरून माझ्या मुलीचा फोन आला. तिचा पहिला दात पडला होता. "बाबांनी छपरावर टाकला. तू नव्हतीस ना," ती म्हणाली. तिनं सहज सांगितलं. मी मात्र फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

डॉक्टरीण आली. मी म्हणाले, "मला बरं वाटतंय. मला घरी जायचंय."

"बरं वाटतंय ते औषधामुळं," ती म्हणाली. "अजून ते पुरतं बसलेलं नाही. आत्ता गेलात तर माझ्या सल्ल्याविरुद्ध जाताय."

"पण जाता येतं ना?"

"येतं. तुम्ही स्वतःहून आलात आणि आज तुम्हाला स्वतःचं कळतंय. मी अडवणार नाही. पण गोळ्या बंद करू नका आणि दाखवायला या. मध्येच काही वाटलं, झोप उडाली, काहीही, तर थेट या."

मी आत्यांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "लेकरासाठी जीव तुटतोय तिचा. घरी बरी हुईल की." मी सही केली. नवरा न्यायला आला. तो थोडा घाबरलेला होता, पण त्यालाही माझ्याविना घर सुनं वाटत होतंच.

पहिले दिवस खरंच छान गेले. मुलगी जीभ काढून दाताची खिंड दाखवायची. मी शाळेत रुजू झाले. गोळ्यांनी मात्र सकाळचं डोकं जड राहायचं. एकदा नववीच्या वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या माझा डोळा लागला. पोरं हसली. त्या दिवशी मी ठरवलं, आता गोळ्या पुरे. कुणाला सांगितलं नाही.

थोडे दिवस डोकं हलकं राहिलं. मग पुन्हा पहाटे जाग येऊ लागली आणि जागेबरोबर तेच जुनं, छातीवर पाटा ठेवल्यासारखं. वेणी घालायला हात उचलेना. परत जावं असं दर पहाटे वाटायचं, पण लाज आडवी यायची. डॉक्टरीण म्हणेल, सांगितलं होतं ना? नवरा म्हणेल, तूच हट्ट केलास. शिवाय मंगळवेढा काही फार मोठं नाही. बाई एकदा गेली की आजारी म्हणतात. दुसऱ्यांदा गेली की वेडी म्हणतात.

आत्यांनी एका सकाळी मला अंगणात बसवलं आणि तेल लावून केस विंचरायला घेतले. गुंता निघत नव्हता.

"गोळ्या खातीस का?" त्यांनी मागूनच विचारलं.

"हो."

फणी चालत राहिली. थोड्या वेळानं मीच म्हणाले, "नाही, आत्या."

"कवापासनं?"

"बरेच दिवस झाले."

"मला वाटलंच. तितंबी तू अशीच भिताडाकडं तोंड करून निजायचीस." त्यांनी वेणीला गाठ मारली. "परत जाऊ."

"कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांचं न ऐकता आले."

"तू एकटी कुटं आलीस? मीच म्हनले न्हाय का, घरी बरी हुईल म्हनून? मला काय डाक्टरकी कळतीय? चुकली ती दोगींची चुकली. आता दोगींनी जायाचं."

नवऱ्याला त्यांनीच सांगितलं. मी आत बसून ऐकत होते. तो एवढंच म्हणाला, "मी सोडायला येऊ का?" आत्या म्हणाल्या, "तू पोरीकडं बघ. आमी यस्टीनं जातो."

एसटीत मी मनात उत्तरं जुळवत होते. बाहेर दोन्ही अंगाला ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. आत्या मध्येच कुणाचं पीक चांगलं, कुणाचं बारीक ते सांगत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. दवाखान्याच्या बाकावर आमचा नंबर लागेपर्यंत मी तीच उत्तरं घोकत बसले.

आत गेले. डॉक्टरीण वर बघून म्हणाली, "या. झोप कशी आहे?"

मी जुळवलेलं सगळं विसरले. "गोळ्या बंद केल्या मी," एवढंच म्हणाले, आणि रडू फुटलं.

तिनं पाण्याचा पेला पुढं केला. "सकाळी डोकं जड व्हायचं का?"

"हो."

"मग तेच मला सांगायचं होतंत. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते." ती थांबली. "पुष्कळ जण मध्येच जातात. परत येतात ते शहाणे. बरं झालं, लवकर आलात."

ती आणखी काही म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती पेन काढून लिहायला लागली होती. माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं आणि मला एकदम भूक लागली. किती तरी दिवसांनी लागली होती. आत्यांनी बाहेर बाकावरच भाकरीची पिशवी सोडली.

या खेपेला मी डॉक्टरीण जा म्हणेपर्यंत राहिले. जाळी तीच होती, रात्रीचं रडणंही होतं. पण निघायची घाई नव्हती. मुलगी रविवारी बापाबरोबर भेटायला आली आणि कॉरिडॉरभर पळाली. गोळी रात्रीची झाली, सकाळी डोकं साफ राहू लागलं. आजही ती गोळी चालू आहे, आणि मी दाखवायला जाते.

शाळेत पुन्हा जायचं त्या दिवशी काय सांगायचं, यावर घरी बरीच चर्चा झाली. नवरा म्हणत होता, टायफॉइड म्हण. मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि जे होतं ते सांगितलं. मनाचा आजार, दवाखाना, मध्येच येणं, परत जाणं. त्या चष्मा काढून ऐकत होत्या. मला वाटलं, आता त्या जपून बोलतील, लोक बोलतात तसं, काचेच्या भांड्याशी बोलावं तसं.

"आता बरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग लागा कामाला. नववीचं बीजगणित आहे तिथंच आहे. बदलीच्या सरांनी भूमितीच शिकवली नुसती."

मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.