महादू ढोरक्याची साक्ष

कार्तिकातला दुसरा सोमवार. महादूच्या घरी, त्याला शेवटचं पोचवायला हजर : त्याची बायको जनाबाई, गावचे पाटील, आमचे डॉक्टर, मी आणि दहा-बारा शेतकरी. दाराबाहेर गावची गुरंही उभी होती, कारण त्या दिवशी त्यांना रानात नेणारं कोणी नव्हतं. गावाचा ढोरकी, म्हणजे गुरं राखणारा, महादू तापाने तीन दिवसांत गेला. पाटलांचा निरोप आला आणि आम्ही नागपूरहून सकाळच्या गाडीने नरखेडकडे निघालो. त्याला आता महिना होईल.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोंदी ठेवतो. मागच्या वर्षी आषाढात बुळकांडीची, गुरांच्या त्या जीवघेण्या साथीची, नवी लस बर्फाच्या पेटीत घालून आम्ही याच गावात आणली. ती बकऱ्यांवर वाढवलेली होती. "बकरीचा रोग बैलाले लावून राहिले," असं म्हणत लोक मागे सरले. महादूने मात्र गुरं आखरावर, म्हणजे सकाळी कळप जमतो त्या मोकळ्या जागी, एकामागे एक उभी केली. लस खरी की खोटी हे कळायला एक जनावर टोचायचं आणि पुढचं सोडायचं, असं ठरलं होतं. रांग लावणं महादूच्या हातात होतं. त्याची एकुलती गाय, कबरी, सोडायच्या जागी आली. तिला एक पाऊल पुढे घेणं त्याला सहज जमलं असतं. त्याने घेतलं नाही.

टोचलेल्या जनावरांच्या शिंगांना मी गेरू लावला. यादीत मालकाचं नाव आणि जनावराचा रंग एवढंच लिहिलं, बाकीचं गेरू सांगेल म्हणून. पुढे पोळा येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही...

पोळा झाला आणि आठवड्याभरात बुळकांडी गावात शिरली. आम्ही पोचलो तेव्हा झाडून सगळी शिंगं लाल-निळी रंगवलेली. मी यादी हातात धरून उभा. 'पांढरा, पांढरा, तांबडा, पांढरा.'

"पोळ्याले बैल बिनरंगाचा ठेवू काय आमी?" पाटील चिडले. जोडीतला कोणता बैल टोचला होता, हे मालकांना सांगता येईना. डॉक्टर हळूच म्हणाले, "ही नोंद गेली, तर वरचे लोक लस पाठवणं थांबवतील."

तेवढ्यात महादू काठी टेकत आला. "काहून बाबूजी, शिंगं मोजून राहिले का? ढोराचं तोंड पाहा ना!"

तो सांगू लागला. हा टोचला, हा नाही, तो मागच्या पायाने जरा ओढतो, तो टोचला. डॉक्टरांचा विश्वास बसेना. टोचल्यावर सात जनावरांना आलेला ताप त्यांनी तेव्हाच खुणांसकट स्वतःच्या वहीत टिपला होता. ती वही मिटूनच त्यांनी त्या सातांबद्दल विचारलं. महादूने सातही बरोबर सांगितली. मग डॉक्टर खाली बसले आणि मला म्हणाले, "लिहा."

टोचलेली जनावरं रवंथ करत उभी होती. मेलेली सगळी सोडलेल्यांतली निघाली. मी वही मिटायला लागलो, तर त्याने हात धरला.

"कबरी राहिली, बाबूजी. परवा गेली ते. न टोचलेल्यात लिहा."

माझी लेखणी थांबली. तो म्हणाला, "लिहा ना गा. नाई तं तुमचा हिसाब खोटा होईल."

त्या पानाच्या जोरावर लस पुढे गेली. यंदा गावात एकही जनावर सोडलं नाही. कबरीच्या जागी जनाबाईला मिळालेली कालवड तर पहिल्या दिवशीच टोचली.

त्या सोमवारी निघताना मी जनाबाईला विचारलं, "नदीपलीकडच्या गावात टोचणी करायची आहे. गुरं ओळखायला येशील?"

"मले त्या गावचं ढोर ठावूक नाई. तिथल्या ढोरक्याले पुसा," ती म्हणाली. "पन सुई काढ्याच्या पहिले पुसा."

नवी यादी आखून तयार आहे. मालकांच्या नावांच्याही वर, पहिल्या ओळीत, 'ढोरकी' असं लिहिलं आहे. पुढची जागा अजून कोरी आहे.