फुंकून दिलेला चहा

नवी नवरी असताना मला जगातली सगळी भांडणं मिटवायची हौस होती, आणि त्या भरात मी वर्धा स्टँडवर एका अनोळखी बाईच्या संसारात नाक खुपसलं. माझ्या स्वतःच्या सासूशी तेव्हा आठ दिवस अबोला होता, ते वेगळं.

शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. पुलगावच्या बसची वाट बघत ती शेजारी बसली होती. सोबत आंधळी म्हातारी. बाई बशीत चहा ओतायची, फुंकायची, करंगळी बुडवून बघायची, आणि मगच बशी म्हातारीच्या ओठांना लावायची.

"साखर कमी हाय," म्हातारी कुरकुरली.

"आई का हो?" मी विचारलं.

"मामी. हिनंच वाढवलं मले. हिच्या पोरांनी हिले घरातून काढून देल्लं, म्हून घरी नेऊन राह्यली."

तिच्या मनगटावर भाजल्याचे जुने, गुळगुळीत डाग होते. मी बघतेय हे तिला कळलं.

"दूध उतू गेलं का मामी चिमटा तापवे," बसची वेळ सांगावी तशा सुरात ती म्हणाली.

म्हातारी चहा प्यायची थांबली. मला वाटलं, हीच वेळ. डोळे पुसून मी तिच्या कानाशी वाकले. "आजी, भाचीची माफी मागून टाका."

म्हातारीनं तोंड उघडलं. बाईनं चटकन बशी तिच्या ओठांना लावली आणि मला हळूच म्हणाली,

"तिले काऊन शिकवता, बाई? तिनं माफी मागतली तं मले माफ करा लागन. सध्या मले चहा गार करनंच जमते."