पिवळी साल
तव्यावर कातडं करपल्याचा वास आला की मला कुरवंड्यातलं आमचं अंगण दिसतं. वडिलांना मुतखडा झाला होता. हुलग्याचं पाणी पिऊन पिऊन ते कंटाळले होते, कळ उठली की जमिनीवर गडाबडा लोळायचे. आई खंडाळ्याच्या एका बंगल्यात भांडी घासायची. तिथला स्वयंपाकी चिनी होता. तो म्हणाला, कोंबडी खडे गिळते आणि पोटातल्या पिशवीत दळते. त्या पिशवीची आतली पिवळी साल भाजून, कुटून पाण्यातून द्या, आमच्या मुलखात मुतखड्याला हेच देतात. त्यानं वाळवलेल्या सालींची पुडी दिली. गावचे कारभारी आबा दारात येऊन बजावू लागले, "चिन्याच्या हातचं खाल, तर पंगतीत पान मिळायचं न्हाई." आईनं भर दुपारी अंगणात चूल मांडली. "मुतायला बसल्यावर ह्यांचा जीव जातो, आबा, तवा तुमची पंगत कुटं असती?" साली भाजल्याचा घाण वास साऱ्या आळीत गेला, तिला तेच हवं होतं. पंधरा दिवसांनी खडा पडला. पुढल्या उन्हाळ्यात आबांनाही मुतखडा झाला, तेव्हा त्यांची बायको तिन्हीसांजेला परसदारी पुडी मागायला आली. आई म्हणाली, "देते की, मावशी. पर उद्या दुपारी, पुढल्या दारानं. आन् आबांनाच धाडा." खडा सालीनं पडला की हुलग्यानं, मला आजही ठाऊक नाही, पण भर उन्हात, सगळ्यांदेखत, आमच्या अंगणात हात पसरून उभे राहिलेले आबा मी पाहिलेत.