जो कोणी हात उचलेल

सगळं शहर त्याला हातोडा म्हणायचं. सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तो जुन्या पुस्तकांची बांधणी करायचा. पुस्तकाची पाठ गोल करायला हातोडी लागते, त्यावरून नाव पडलं असं तो सांगे. काहीतरीच! नाव पडलं ते त्याच्या रागावरून. एकदा एका सुटाबुटातल्या गृहस्थाने जाड कोशातलं पान टर्रकन फाडून खिशात घातलं, तर याने त्याची कॉलर धरून त्याला जिन्यावरून खाली लोटून दिलं. आधी पान काढून घेतलं, मग लोटलं. गृहस्थाचा हात मोडला. हातोड्याने त्याच दुपारी पान जागच्या जागी चिकटवलं आणि चहा प्यायला गेला.

लग्न केलं नव्हतं. घरी आई आणि धाकटा भाऊ. धाकट्याचा धंदा म्हणजे बिल्डरांना जागा रिकाम्या करून देणं. भाड्याची पोरं घेऊन जायचं, दारं-खिडक्या फोडायच्या, लोक घाबरून निघून गेले की चावी बिल्डरच्या हातात. दोघे एका ताटात जेवून वाढलेले, पण आता एकमेकांशी बोलायचे ते आईमार्फत.

राज्यभर ग्रंथालयांच्या जागा अशाच लाटल्या जात होत्या. म्हणून ग्रंथालय संघाने कायद्याचा ध्यास घेतला होता. ग्रंथालयात घुसून जो मारहाण करेल, त्याला थेट तुरुंग. संघाच्या सचिव म्हणजे याच ग्रंथालयाच्या मुख्य, काकू. सगळेच त्यांना काकू म्हणत, आमदारसुद्धा. त्यांतल्या एका आमदाराने शाळेत असताना नेलेलं पुस्तक अजून आणून दिलं नव्हतं, पण काकूंनी तो विषय कधी काढला नाही. विधेयक समितीपुढे पोचलं तेव्हा काकूंनी हातोड्याला समोर उभं करून बजावलं, "आपल्यातल्या कोणाचा हात वर गेलेला एक फोटो छापून आला ना, की विधेयक गेलं खड्ड्यात. तुमचे हात खिशात."

आणि त्याच आठवड्यात भर दुपारी धाकट्याची पोरं दांडकी घेऊन आत घुसली.

कपाटं धडाधड आडवी झाली. रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या आजोबांच्या डोक्यात दांडकं बसलं, पांढरा सदरा लाल झाला. टेबलावर अभ्यास करणाऱ्या मुलीच्या बोटांवर बुटाची टाच पडली. हातोडा मागच्या खोलीतून धावत आला, तर दारात धाकटा उभा! तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याने हात खिशात घातले आणि तसाच आजोबांपुढे जाऊन उभा राहिला. दांडकं खांद्यावर बसलं, हाड कडकन वाजलं. त्याने दात-ओठ खाल्ले, पण हात काही बाहेर काढले नाहीत.

आता गंमत ऐका, रडावं की हसावं अशी. एवढी मारहाण झाली, पण एकजणही ओरडला नाही. भिंतीला भिंत लागून पोलीस चौकी. हवालदार म्हणाला, "आम्हाला वाटलं, कपाटं सरकवताय. अहो, बोंब मारायची ना!"

"वाचनकक्षात?" आजोबा डोकं दाबून धरत म्हणाले.

समितीत विरोधातल्या एका आमदाराने हेच धरलं. भिंतीपलीकडच्या चौकीला पत्ता नाही, अशी कसली मारहाण? काकूंच्या सगळ्या सुबक, टाइप केलेल्या निवेदनांवर पाणी पडलं. घरी येऊन त्या चिडून रडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाची तऱ्हाच बदलली. निवेदनं बंद. राज्यातल्या ज्या ज्या ग्रंथालयात माणसं मार खाऊन बसली होती, तिथून त्यांना बोलावलं आणि ज्या आमदाराच्या मतदारसंघातला माणूस त्याच्याच दारात पाठवला. बँडेज, प्लास्टर, काठी, सगळ्यासकट. बोलायचं काही नाही, नुसतं बसून राहायचं. सवयीचंच काम! सकाळी आमदारसाहेब चहाचा कप घेऊन बाहेर येतात, तर समोर टाके घातलेलं डोकं पुस्तक वाचत बसलेलं. चहा घशाखाली उतरेना. एकेक जण पाठिंब्याचं कबूल करत गेला.

विरोधातला मात्र चिवट. शेवटच्या बैठकीत म्हणाला, "आणि यांची स्वतःची माणसं? जिन्यावरून माणूस ढकलणारा यांच्याकडेच आहे म्हणे." समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मग कलमात लिहू या, जो कोणी हात उचलेल तो. वाचक असो, कर्मचारी असो, बाहेरचा असो. तुरुंग, आणि वर कोणत्याही ग्रंथालयात पुन्हा काम नाही. चालेल?" तेवढं लिहिलं तरच त्या आमदाराच्या गटाची मतं मिळणार होती.

काकूंनी वळून हातोड्याकडे पाहिलं. तो हात गळ्यात बांधून मागच्या बाकावर बसला होता. ती मागची खोली गेली तर त्याच्याकडे काय उरणार, हे काकूंना पक्कं माहीत होतं.

"लिहा की," तो म्हणाला. "आम्ही काय गुंड आहोत?"

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "हे तुमच्याच गळ्याशी येणार हो."

"खिसे आहेत ना मला."

कायदा झाला, लागूही झाला. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात घुसलेली धाकट्याची पोरं तुरुंगात गेली, बिल्डरने धाकट्याला दारातून हाकलून दिलं, आणि धाकटा सरळ आला तो काकूंच्या टेबलाशी. एकटाच. त्याने काकूंचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं.

हातोडा बाहेर आला तो बांधणीच्या दाबयंत्राचा लोखंडी दांडा हातात घेऊनच. "सोड त्यांना!"

"मार ना दादा," धाकटा हसला. "जो कोणी, नाही का? तुम्हीच लिहून घेतलंय. मार!"

हातोड्याने दांडा खाली ठेवला. खरंच ठेवला, तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. धाकट्याने काकूंचं तोंड पुन्हा आपटलं. दात निखळून टेबलावर पडला. तेव्हा मात्र दांडा उचलला गेला. पहिला फटका मनगटावर. केस सुटले, काकू खाली बसल्या. तिथेच थांबला असता तर! पण खांद्याचं हाड, आजोबांचं डोकं, इतके दिवस खिशात कोंबून ठेवलेलं सगळंच बाहेर आलं. जबडा फुटला. गुडघा फुटला. धाकटा जमिनीवर गोळा होऊन "दादा, पुरे रे, दादा" म्हणत होता, आणि दादा मारतच होता. चौकीतली माणसं आली, कारण या वेळी सगळं ग्रंथालय ओरडत होतं.

नव्या कायद्याखाली संघाच्या माणसावरचा पहिला खटला हा. वकिलाने काकूंना पढवून ठेवलं होतं: पहिल्या फटक्यानंतर माझी शुद्ध हरपली, एवढंच म्हणा. बाकी आम्ही बघतो. पिंजऱ्यातून हातोडा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही काय पाहिलं?

काकूंचा जबडा अजून सुजलेला होता. "पहिला फटका माझ्यासाठी होता," त्या म्हणाल्या. "नंतरचे नव्हते."

शिक्षा झाली. खोली गेली, कायमची. बाहेर व्हरांड्यात आई एका बाकावर जामिनावर सुटलेल्या धाकट्याला टेकवून बसली होती, तिने थोरल्याकडे मान वळवली नाही. काकू धावत आल्या.

"एवढं बोलायलाच हवं होतं?" हातोडा म्हणाला. "तुमच्यापायी केलं मी!"

"लोकांनी डोकी फोडून घेऊन मागितलेला कायदा आहे हो. मीच तिथे उभी राहून खोटं बोलू?" आणि त्या भर व्हरांड्यात हुंदके देऊन रडायला लागल्या. "मला माफ करू नका. पण मी तेच बोलले असते, पुन्हा विचारलं तरी."

त्याला त्यांचा असा संताप आला, की एक ठेवून द्यावी त्या सुजलेल्या तोंडावर. हात उठलेही. बेड्या खळकन वाजल्या आणि दंडाला हिसका बसला. काकू मागे सरल्या नाहीत, पण त्यांनी डोळे मात्र गच्च मिटून घेतले होते.

ते त्याने पाहिलं. मग हात खाली घेऊन तो पोलिसाला म्हणाला, "चला. न्या मला इथून लवकर."