अप्पांनी आखलेला माहूरचा डोंगर

दुकानात कुणीही आलं की अप्पा आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चेहऱ्याची पाळी नंतर. "या, बसा," म्हणेपर्यंत त्यांना कळलेलं असायचं, की माणूस डाव्या पायावर जास्त जोर देतोय, टाचेला भेग आहे आणि घाईघाईत घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी चप्पल घालून आलाय.

तुमच्याही गल्लीत असा एखादा दुकानदार असेल, ज्याच्याकडे लोक घ्यायला कमी आणि विचारायला जास्त जातात. नांदेडला आमच्या कोपऱ्यावर अप्पांचं चपला-बुटांचं दुकान होतं. मूळचे उदगीरचे. घरात तीन पिढ्यांचा कापडाचा धंदा, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. आणि हा गडी चपला विकायला लागला म्हणून भावकीनं बरीच वर्षं नाकं मुरडली. अप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. "कापड माणसाला झाकतंय, बाई," ते मला म्हणायचे, "चप्पल त्याला कुठंतरी नेती." मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मी 'बाई'.

रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण विष्णुपुरीच्या धरणाकडे फिरायला जायचो. आणि वर्षातून एकदा, थंडीत, माहूर. पहाटे जीपनं निघायचं, डोंगर पायी चढायचा, संध्याकाळी घरी. याची आखणी अप्पांच्या दुकानात व्हायची. गिऱ्हाइकांच्या स्टुलांवर आम्ही बसायचो आणि अप्पा बुटाच्या खोक्याच्या झाकणावर लिहायचे. कुणी चढायच्या वाटेबद्दल बोलायला लागला की लगेच हात वर. "आधी उतरायचं बोला. किती वाजता उतरायचं? मग चढायचं बघू."

दुसरा नियम, डोंगरावर नवे बूट घालायचे नाहीत. एकदा आमच्यातले बँकेतले साहेब सहलीच्या दोन दिवस आधी भारीतले बूट घ्यायला आले. अप्पांनी खोकं उघडलंच नाही.

"डोंगर झाल्यावर या."

"अप्पा, मी दुसऱ्या दुकानातून घेईन."

"घ्या की. मग माझ्याकडं पट्टी घ्यायला या."

साहेबांनी घेतले. अर्ध्या वाटेवर दोन्ही टाचांना फोड आले आणि अप्पांनी खिशातून मुकाट पट्ट्या काढल्या. साहेबांना तेच जास्त लागलं.

त्याच्या पुढच्या वर्षी माझी आई आमच्याकडे राहायला आली. नायगावला न्हाणीत घसरून तिचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी "आता चाला, फिरा" म्हणून सांगितलं, त्यालाही वर्ष होऊन गेलं. पण आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. आणि खरं सांगायचं तर मीही तिला टाकू देत नव्हते.

तिच्यासाठी मी घरात घालायच्या चपला मागितल्या, तेव्हा अप्पांनी विचारलं, "घरातच का?" मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून, तीन जोड काखेत मारून, अप्पा आमच्या घरी हजर. आईच्या समोर जमिनीवर बसले आणि तिचे पाय बराच वेळ बघितले.

"अक्का, पाय तर चांगले हायत की. मग बसून काय करून राहिलात?"

वर्षभरात तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. आम्ही सगळे हळू आवाजात बोलायचो, जणू मोठ्यानं बोललं तर तिचं अजून काही मोडेल.

"आणि पडले तर?" आई म्हणाली.

"पडाल की. मी बी पडतो. मागल्या महिन्यात दुकानाच्या पायरीवरच पडलो, गिऱ्हाइकादेखत." आणि मग, "कुठं जायचं मनात हाय?"

आईनं माझ्याकडे चोरून बघितलं. "माहूरला. रेणुकामाईला. लहानपणी आईबरोबर पायी चढले होते, तसं."

मी अप्पांना दारात गाठलं. चांगलीच चिडले होते. "तिला भलती आशा लावू नका, अप्पा. गाडी वर पायऱ्यांपर्यंत जाते. मी नेईन की तिला गाडीनं."

"हाव, न्याल," अप्पा शांतपणे म्हणाले. "मग वर्षभर नेलं का न्हाई?"

मी आत गेले आणि तीन जोडांतला एक आईच्या पायांपुढे ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आई संध्याकाळी दुकानापर्यंत जायला लागली. पहिल्या आठवड्यात माझा हात धरून. मग काठी घेऊन. तिथं स्टुलावर बसायचं, अप्पांशी उदगीर-नायगावच्या गप्पा मारायच्या आणि परत. मग पुढच्या चौकापर्यंत. मग एका रविवारी आमच्याबरोबर धरणावर. मी शाळेतून येऊन बघावं तर घरात आई नाही, आणि मी तशीच दुकानाकडे धावायचे. तिच्या बाहेर जाण्याची सवय व्हायला मला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

थंडी पडली, झाकणावर आखणी सुरू झाली. साहेबांना त्या वर्षी रेणुकेचा गड, दत्तशिखर, अनसूया शिखर, किल्ला, सगळं एका दिवसात करायचं होतं. "आता एकासाठी दहा जणांनी थांबत बसायचं म्हणजे..." ते बोलून गेले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आई शेजारच्याच स्टुलावर बसलेली आहे. आईनं काठी हातात घेतली, उठायच्या बेतात.

"साहेब," अप्पा लिहिता लिहिता म्हणाले, "मागल्या साली तुमच्या फोडासाठी आम्ही किती टाइम थांबलो हो?"

सगळ्यांत आधी साहेबच हसले. आईसुद्धा हसली आणि तिनं काठी खाली ठेवली. ठरलं ते असं, की रेणुकेपर्यंत सगळे आईच्या चालीनं जायचं. पुढं ज्यांना दम आहे त्यांनी दत्तशिखर करून दोनपर्यंत परत यायचं.

चढायच्या दिवशी सागाची पानं वाटभर पडली होती आणि पावलाखाली कुरकुर वाजत होती. आईच्या थोडं पुढं अप्पा. "पुढच्या वळणाला खडक हाय, बसू." खडक असायचा, पाठ टेकता येईल असा, आणि त्या वेळेला बरोबर सावलीत. एका ठिकाणी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आई माझ्यापेक्षा जास्त जेवली.

पायऱ्या मात्र अवघड गेल्या. निम्म्यात आल्यावर ती खाली बसली. चेहरा उतरला होता. "झालं माझं. इथूनच हात जोडते."

मी लगेच तिचा दंड धरला. "चल आई, उतरू या." अप्पा दोन पायऱ्या खाली बसून राहिले.

शेजारच्या दुकानातली हारवाली बाई वाकून बघत होती. "काय अप्पा, आलात का? ह्याच का तुमच्या अक्का?" मग आम्हाला म्हणाली, "मागल्या हप्त्यात एकटेच चढून-उतरून राहिले होते की. धा पायऱ्या झाल्या की बसायचे. मला वाटलं तब्येत बिघडली. तर म्हणले, न्हाई, आमच्या अक्का कुठं दमतील ते बघून राहिलो."

अप्पा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी आधीच बांधलेली होती. दुकानाला कुलूप लावून हा माणूस एसटीनं इथवर आला होता, वाटेतल्या प्रत्येक खडकावर बसून गेला होता आणि आमच्यापैकी कुणाला बोलला नव्हता.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हारवालीला म्हणाली, "एक हार दे गं बाई." एका हातात हार, दुसऱ्या हातात कठडा, आणि ती उभी राहिली. माझा हात तिनं बाजूला केला. "तू हो पुढं. मधे मधे येऊ नकोस."

वर देवळापाशी तांबूल, म्हणजे देवीचा विडा, कुटण्याचा आवाज येत होता. प्रसादाच्या तांबुलानं ओठ लाल झालेली माझी आई भिंतीला टेकून बसली होती आणि शेजारच्या अनोळखी बायांना आपल्या खुब्याची गोष्ट एखाद्या पराक्रमासारखी सांगत होती. अप्पा जरा लांब, ऊन खात, डोळे मिटून. मी जवळ जाऊन म्हटलं, "अप्पा, माझं चुकलं." डोळे न उघडताच ते म्हणाले, "तुमचं कसं चुकंल? लेकीला भ्या वाटतंच. बसा, ऊन चांगलं हाय."

दोन वर्षांपूर्वी अप्पांनी दुकान दिलं आणि उदगीरला लेकाकडे राहायला गेले. आमच्या कोपऱ्यावर आता मोबाइलचं दुकान आहे. माहूर आम्ही अजून करतो. नियोजन व्हॉट्सअॅपवर होतं आणि दरवर्षी अंधार पडल्यावर उतरतो.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, उदगीरला जाऊन येते. मी रजा काढते म्हटलं, तर नको म्हणाली. सकाळच्या एसटीनं एकटी गेली आणि संध्याकाळी परत आली. अप्पा भेटलेच नव्हते. कुणाच्या तरी लग्नाला लातूरला गेले होते. सुनेनं जेवू घातलं, दोन तास बसवून घेतलं, निघताना चटणी बांधून दिली.

"अगं, फोन तरी करून जायचंस!" मी म्हटलं. "एवढा प्रवास फुकट गेला."

"फुकट कसा?" आई पिशवीतली चटणी बरणीत काढत म्हणाली. "खिडकीजवळची जागा मिळाली होती. येतानासुद्धा."