वापस आलेला डबा

माझी मुलगी अमरावतीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते आणि पगारातून फिगर जमवते. फिगर म्हणजे काय हे मला, अकोल्यात खेळण्यांचं दुकान असूनही, तिच्याकडूनच कळलं. वीतभर उंचीचे योद्धे, सगळे सांधे हलणारे, सोबत बदलायला दोन चेहरे आणि जास्तीचे हात. ते लहान मुलांसाठी नसतातच. मोठी माणसं ते काचेच्या कपाटात मांडतात, आणि बरेच जण तर डबाही उघडत नाहीत, सीलसकट ठेवतात. तिशीकडे निघालेली पोरगी बाहुल्यांत रमते याची मला लाज वाटायची. घरी पाहुणे आले की तिच्या इथल्या कपाटावर मी चादर टाकायला सांगायचो. बायको एकदा म्हणाली, "पोट भरता खेळण्यावर, अन पोरगी खेळली त लाजता."

पुढे मुलीच्याच सांगण्यावरून मी दुकानात एक फळी फक्त फिगरसाठी ठेवली. अमरावती-अकोल्याकडच्या जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. कोणी बँकेत, कोणी मेडिकल चालवणारा, कोणी अजून शिकणारा. ही मंडळी ऑनलाइन मागवून पोळलेली होती. लबाड माणूस फिगर मागवतो, खरी काढून घेतो, आत फालतू काहीतरी भरतो, सील पुन्हा चिकटवतो आणि 'नको' म्हणून परत पाठवतो. परत आलेला डबा तिकडे कोणी उघडून पाहत नाही. तो तसाच पुढच्या माणसाच्या घरी जातो. आधी डब्याला पारदर्शक खिडकी असायची, आतलं दिसायचं. हल्ली प्लॅस्टिक नको म्हणून पूर्ण बंद पुठ्ठ्याचे डबे येतात, त्यामुळे या लोकांचं फावलं.

मुलगी हे सगळं चिडून सांगायची. मी ऐकायचो आणि म्हणायचो, आपल्याकडे कोण करतं असलं. तिनं ग्रुपमध्ये सांगून टाकलं, माझ्या बाबांच्या दुकानातून घ्या, काही झालं तर मी आहे. तिच्या या 'मी आहे'वर माझी फळी भराभर रिकामी व्हायला लागली.

त्या ग्रुपमध्ये एक गणित शिकवणाऱ्या मॅडम आहेत. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना एक तलवारवाला योद्धा हवा होता, फार दिवसांपासून. तो माझ्याकडे आला तेव्हा मुलीनं स्वतः अकोल्याहून नेऊन त्यांच्या हातात दिला. दोन-तीन दिवसांनी, दुपारी दुकानात गर्दी नव्हती तेव्हा, तिचा फोन आला. मॅडमनी डबा उघडला होता. आत जत्रेत मिळतो तसला पोकळ बाहुला निघाला. वजन जुळावं म्हणून त्याच्या पोटाशी तुरीच्या डाळीची पुडी बांधलेली, आणि खुळखुळू नये म्हणून भोवती कापूस ठासलेला.

"बाबा, तो डबा दुकानात वापस आलेला त नवता?"

"नाई माय," मी म्हणालो. "नवाकोरा होता."

हे मी एका दमात म्हणालो. विचार करायला लागलो असतो तर कदाचित खरं बोललो असतो, असं मी नंतर स्वतःला बरेचदा समजावलं. पण ते खरं नाही. तिनं विचारलं त्याच क्षणी मला तो तलवारवाला डबा परत आणून देणारा माणूस आठवला होता.

तो आमच्याच भागातला. लग्नाकार्यात पुढच्या खुर्चीवर बसणारा, मला भाऊ म्हणणारा. तो फळीवरच्या महागाच्या वस्तू घ्यायचा आणि आठवड्याभरात त्यातली एखादी परत आणायचा. पोराला कोणीतरी तीच भेट दिली, किंवा पोराचं मन दुसऱ्यावर बसलं, असं काहीतरी सांगायचा. "सील पाहून घ्या भाऊ, हातबी नाई लावला," म्हणायचा. मी सीलकडे नुसतं बघायचो, डबा बाजूला ठेवायचो आणि चहा सांगायचो. आमच्याकडे भीड फार. ओळखीच्या माणसासमोर त्याचा डबा उघडणं म्हणजे तोंडावर त्याला चोर म्हणणं. शिवाय उघडलेल्या डब्याला भाव येत नाही, हेही मनात असायचं. भीड आणि फायदा असे एकाच बाजूला उभे राहिले की माणूस स्वतःला सज्जन समजायला लागतो. मी तसाच होतो. परत आलेले डबे मी नव्या डब्यांत मिसळून टाकायचो, तेही पुढच्या बाजूला, म्हणजे आधी खपतील.

माझ्या त्या 'नाई'चं पुढे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मुलीनं ग्रुपमध्ये लिहिलं होतं, बाबा म्हणतात डबा नवा होता, म्हणजे नवाच होता. मग लोकांनी उरलेला हिशोब मांडला. डबा नवा होता, तर आतली फिगर काढली कोणी? पोळलेली माणसं ती, त्यांना लबाडीचे सगळे प्रकार पाठ. कोणीतरी लिहिलं की दुसरा योद्धा फुकट मिळवायचा हा जुना डाव आहे. मॅडम ग्रुपमध्ये यायच्याच बंद झाल्या.

फोनवर मुलगी म्हणाली, "मॅडम असं करतीन असं मले वाटत नाई बाबा. पन तुमी त खोटं बोलत नाई."

मी तिला म्हणालो, गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलतो. दुकानात कोणी नव्हतं.

शनिवारी ती अकोल्याला आली. जेवण झाल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीत तिला घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. माणूस, त्याचे परत आलेले डबे, माझा चहा, आणि माझं फोनवरचं उत्तर. ती एका खोक्यावर बसून ऐकत राहिली. ती रागावेल अशी माझी तयारी होती. ती रागावली नाही, आणि त्यानं मला जास्त लागलं.

"मले तवाच सांगाचं होतं ना बाबा," एवढंच म्हणाली. मग उठून विचारलं, "असे किती डबे असतीन फळीवर?"

मला माहीत नव्हतं. तिनं फळी रिकामी केली, सगळे डबे जमिनीवर मांडले आणि फोनच्या उजेडात एकेकाचं सील बघायला बसली. गरम हवा मारून सोडवलेलं स्टिकर पुन्हा लावलं की त्याखाली बारीक बुडबुडे राहतात आणि पुठ्ठ्याचे धागे वर ओढले जातात, असं ती मला दाखवत होती. मी वर्षानुवर्षं खेळणी विकतोय. एवढ्या जवळून मी कधी एकही डबा पाहिला नव्हता. ती मान खाली घालून काम करत होती आणि मी शेजारी उभा राहून, लाज वाटत असतानाच, हिच्याकडे बघत राहावं असं मनात म्हणत होतो.

तिनं काही डबे वेगळे काढले. पक्कं सांगता येत नाही, म्हणाली, उघडल्याशिवाय कळणार नाही. मी व्यापारी माणूस. मी लगेच म्हणालो की हे सगळे, जिथून माल येतो त्या नागपूरच्या ठोकवाल्याकडे पाठवून देऊ, वाटेत खराब झाले म्हणून. तो घेतो वापस. पाहत नाही.

तिनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "ठोकवाल्यालेई पोरगी असनच बाबा. तिनं कोनाले तोंड दाखवाचं?"

मी डबे ठोकवाल्याच्या खोक्यात भरायला घेतले होते, ते पुन्हा बाहेर काढले.

संध्याकाळी मी एकटा त्या माणसाच्या घरी गेलो. त्यानं हसून बसवलं, चहा मागवला. मी डाळीच्या पुडीचं सांगितलं. तो म्हणाला, घरात पोरंसोरं काय करतात आपल्याला काय मालूम, आणि खेळणंच तर होय भाऊ, कोणाच्या जिवावर बेतलं काय. कबूल तर त्यानं केलं नाहीच. मी चहा तसाच ठेवून उठलो. त्याची बायको दारापर्यंत आली, काहून नाही घेतला चहा म्हणून. आमच्याकडे एखाद्याच्या घरचा चहा टाकून उठणं काय असतं हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. तो नंतर दुकानात आला नाही. समोरून दिसला तर रस्ता बदलतो. तो बदलायच्या आधी मीही बदलतो, हेही सांगितलं पाहिजे.

रविवारी ग्रुपची मंडळी अमरावतीत एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर जमणार होती. मॅडमला मुलीनं स्वतः फोन करून फक्त एकदा या म्हणून विनवलं होतं. मी म्हणालो, मी ग्रुपवर लिहून देतो, माफी मागतो. ती म्हणाली, "लिहू नोका. या." मग दोन मोठ्या पिशव्यांत ते वेगळे काढलेले डबे घेतले, मॅडमसाठी ठोकवाल्याकडून नुकत्याच आलेल्या मालातला योद्धा घेतला आणि आम्ही एसटीत बसलो. बडनेऱ्याला तिनं मला शेंगदाणे दिले.

वरच्या मजल्यावर दोन टेबलं जोडली होती. माझ्या वयाचा मी एकटाच. मुलीनं सांगितलं, हे माझे बाबा. सगळे उठून उभे राहिले, काका बसा, काका पाणी घ्या. मॅडम खिडकीपाशी होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, निघायच्या बेतात असल्यासारख्या. मी बसलो असतो तर पुन्हा उठून बोलणं जमलं नसतं, म्हणून उभ्यानंच बोललो.

"मॅडमनं काई केलं नाई. डबा वापस आलेला होता. मी न पाहता फळीवर ठेवला. अन पोरीनं विचारलं तवा तिले खोटं सांगितलं. तिनं तुमाले सांगितलं ते माया भरवशावर सांगितलं. म्हून तिचा शब्द खोटा नाई पडला, माया पडला."

तेव्हा मला माझे वडील आठवले. ते अमरावतीच्या फळबाजारात संत्री विकायचे. पाटीच्या तळाशी काय आहे अशी शंका गिऱ्हाइकानं घेतली, की ते शब्दाला शब्द वाढवत नसत. सगळी पाटी ताडपत्रीवर ओतून द्यायचे. फळाला मार बसायचा, भाव उतरायचा, पण पुढे कोणी विचारत नसे. मी तो धंदा सोडून खेळण्यांत आलो याचं एक कारण हेच होतं. बंद डब्याचा व्यवहार, ओतायची भानगड नाही.

मी पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्या आणि मुलीकडे कटर मागितला. पहिला डबा उघडला. आत खरीच फिगर होती, हातही न लागलेली. टेबलाभोवती सगळ्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की जणू कोणाचं बोट कापलं. चांगलं सील मी त्यांच्या डोळ्यांसमोर फाडलं होतं. दुसऱ्यात पोकळ बाहुला आणि कापूस. तिसरा पुन्हा खरा. दाढीवाला एक पोरगा हात जोडून म्हणाला, "काका, बस करा. पाहवत नाई." सगळे हसले, मीही हसलो, पण थांबलो नाही. एकूण निम्मे खोटे निघाले. जे खरे निघाले त्यांचाही सीलबंद भाव गेला. त्या दाढीवाल्यानं त्यातला एक लगेच हातात घेतला आणि उघडा म्हणून स्वस्त द्या, असं माझ्याशी घासाघीस करायला लागला. मॅडमबद्दल तसं लिहिणारा तोच होता, हे मला मुलीनं नंतर सांगितलं. घासाघिशीच्या आधी त्यानं मॅडमकडे जाऊन काहीतरी हळू आवाजात म्हटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली होती.

सगळं झाल्यावर मुलीनं मॅडमसमोर नवा योद्धा ठेवला. शेजारी कटर ठेवला.

"इथंच उघडा मॅडम," ती म्हणाली. "सगळ्याहिसमोर. मले बरं वाटन."

तिचा हात टेबलावरून हलत नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या डब्याकडेच बघत होती. त्या दोन मिनिटांत तिच्याइतकं त्या खोलीत कोणाचंच पणाला लागलेलं नव्हतं, आणि ते मी लावलं होतं.

मॅडमनी डबा उचलला. सील बघितलं नाही. कटर परत तिच्याकडे सरकवला आणि डबा पर्सशेजारच्या कापडी पिशवीत ठेवला.

"घरी जाऊन निवांत उघडीन," त्या म्हणाल्या. "तू आनला ना."

मुलगी माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तो माझा होता हे तिच्या लक्षात आलं नाही. मॅडम तिच्याशी तलवारीच्या म्यानाबद्दल काहीतरी बोलायला लागल्या, ते वेगळं निघतं की चिकटलेलं असतं, आणि ती सांगायला लागली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. मी तिथंच उभा राहून ऐकत होतो. पोरींनो, मला बसायला जागा करा, असं म्हणायलाही मला सुचलं नाही.